कोनाड्यातल्या काड्या

त्या राज्यात सगळा व्यवहार मापांच्या शब्दावर चाले. धान्य मोजायची भांडी होती ती. मुठीत मावेल एवढं निळवं, त्याहून मोठं चिपटं, मग मापटं, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. भरताना काठाकडे बघायची पद्धत नव्हती. ओतणाऱ्याने ओतत राहायचं आणि मापाने आतून ओळखून म्हणायचं, "पुरे." ते म्हटलं की वाद संपला. मोजणी 'लाभ' म्हणून सुरू व्हायची, कारण राशीवर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ, मग दोन, मग तीन.

मापं म्हातारी होत. कडा झिजत, पोचे पडत, त्याचं कुणाला फारसं वाटत नसे. पण काही मापं आपलं मापच विसरत. रिकामी असताना पुरे म्हणत, नाहीतर भरून वाहत असताना गप्प राहत. अशांना घरात ठेवणं जड जाई. म्हणून राज्याने दूर माळावर, रस्ता संपतो त्याच्याही पुढे, घरं बांधली होती. त्यांना विसावे म्हणत. नाव चांगलं होतं. म्हाताऱ्या मापाला पोचवायला सगळं घर येई, डोळे पुसत परत जाई, आणि दुसऱ्या खेपेच्या वेळी रस्ता नेमका वाहून गेलेला असे.

विसाव्यांतली किती मापं विसरली आहेत, याचा आकडा दरवर्षी दरबारात वाचला जाई. शंभरात सात. गेली कित्येक वर्षं तोच होता. सात म्हणजे काही फार नाहीत, असं सगळ्यांचं मत होतं.

दरबाराच्या कोठारात एक पितळी शेर होता. त्याच्या तळावर राज्याचा शिक्का होता, म्हणून इतर मापांची तपासणी त्याच्या मापाने व्हायची. चाळीस वर्षांत हजारो मापं त्याने खरी-खोटी ठरवली होती. मापशास्त्रातलं त्याला ठाऊक नाही असं काही नव्हतं, आणि तरीही एका गोष्टीने तो कायम अस्वस्थ असे. शिक्का तळाला होता, आणि कुठल्याच भांड्याला आपला तळ दिसत नाही.

"माझा शिक्का दिसतो ना नीट?" तो भेटेल त्याला विचारायचा.

"दिसतो, दिसतो," लोक म्हणायचे. वाकून कुणी बघत नसे.

एरवीही त्याचा स्वभाव तसाच. कोठारातल्या कणगीचं झाकण लावून निघाला की दहा पावलांवरून परत यायचा. झाकण लागलेलं असायचं. तो पुन्हा निघायचा, पुन्हा यायचा. आपण बघितलं हे खरं, पण नीट बघितलं का, असं त्याला वाटत राही.

त्याची पायली तीन वर्षांपूर्वी विसाव्यात गेली होती. एकाच कारागिराने, एकाच पत्र्यातून दोघांना घडवलं होतं. कोठारात चार वेळा हा तिच्यात रिता व्हायचा आणि चौथ्याला ती हसून पुरे म्हणायची. एका सकाळी त्याने चार वेळा ओतलं आणि ती काही बोलली नाही. पाचव्यांदा धान्य जमिनीवर सांडलं, तेव्हा ती म्हणाली, "अहो, कधीची बसलेय. अजून कोणी भरलंच नाही मला." त्याने ते कुणाला सांगितलं नाही. तिला हवा पालटायला पाठवतो आहोत, असं दरबारात म्हणाला. तीन वर्षांत तो तिला भेटायला गेला नव्हता. रस्ता खराब होता.

मग त्या वर्षी माळावरच्या एका विसाव्यातून निरोप आला. तिथे शिराई नावाची एकच केरसुणी सगळ्या मापांचं बघायची. सांडलेलं झाडायचं, पोटात पाणी साचलेल्यांना उपडं करायचं, भेदरलेल्यांजवळ बसायचं, सगळं तीच. निरोप असा होता: "मी एका मापाला उपडं करीत होते, तेवढ्यात दुसरं एक आपलं खळं शोधायला म्हणून उठलं आणि उताराने गडगडत ओढ्यात गेलं. चार दिवसांनी सापडलं. पोटात शेवाळ होतं. आकडा सात नाही. कुणीतरी येऊन मोजा, आणि मला हात द्या."

दरबाराचा प्रमुख तराजू होता. त्याची दोन्ही पारडी नेहमी समान असत, आणि ती तशी राहावीत म्हणून तो सहसा त्यांत काही ठेवत नसे.

"शेरपंत," तो म्हणाला, "केरसुण्यांची कुरकुर नवी नाही. पण नियमही आहे. चौथ्या हिश्श्याहून जास्त मापं विसरलेली निघाली, तर दर दहा मापांमागे एक केरसुणी आणि एक सूप द्यावं लागेल. आपल्याइतकं काटेकोर दुसरं कोण आहे? आपण जा."

"मी?" शेर गांगरला. "म्हणजे जातो. पण मला वाटतं, माझ्यासोबत आणखी एखादं माप असावं. चूक झाली तर..."

"आपल्याकडून?" तराजू हसला. "शिक्का आहे ना तुमच्यावर."

"दिसतो ना तो नीट?"

"अहो, दिसतो," तराजू दाराकडे बघत म्हणाला.

वाट नऊ दिवसांची होती. शेवटचे दोन दिवस चिंचेच्या झाडांखालून जायचं होतं आणि त्यापुढे नुसता माळ. विसावा म्हणजे एक लांब पडवी, पडवीभर एक ओटा, ओट्यावर ओळीने चाळीस मापं. खाली, चढाच्या पायथ्याशी, एका खांबाला घंटा टांगलेली होती.

शिराई दारातच भेटली. चाळीस-पन्नास काड्या काय त्या उरल्या होत्या तिच्यात, त्याही एका बाजूने झिजलेल्या.

"आलात का रावसाहेब! माळ चढून?" ती म्हणाली. "मला वाटलं खालनंच घंटा वाजवून जाल."

"घंटा कशाला?"

"घ्या! दरबाराचा माणूस दरसाल येतो की. वर कोण चढतंय? तो खाली घंटा बडवतो. ही बिचारी जन्मभर खळ्यावर राबलेली. घंटा म्हणजे काम झालं. ऐकली की सगळी एका सुरात ओरडतात, पुरे! तो खाली लिहून घेतो, सगळी शाबूत."

"आणि ते शंभरातले सात?"

"ती तडकलेली. आवाजच फुटत नाही त्यांचा. आमच्याकडं तशी तीन हायत. तिघांनाही सगळं आठवतं."

तो आकडा शेराने स्वतः दरबारात कितीदा वाचून दाखवला होता, आणि वाचताना दरवेळी दोनदा पडताळला होता. आकडा बरोबरच होता. सातच होते.

त्याने ठरवलं की एकेकाला वेगळं घेऊन तपासायचं. घंटा नाही, शेजारी कुणी नाही. अंगणात नाचणीची रास होती. तिच्यात वाकून तो भरून घ्यायचा आणि समोरच्या मापात हळूहळू ओतायचा. जे माप विसरलेलं निघेल त्याच्या नावाने ओट्यावरच्या कोनाड्यात एक चिंचोका ठेवायचा. शेवटी ते चिंचोके मोजणाऱ्याच्या पोटात घालून, वर झाकण लावून दरबारात न्यायचे, अशी रीत होती.

पहिलं आलं ते एक निळवं. सगळे त्याला तात्या म्हणत.

"ओता ओता," तात्या म्हणाले. "लाजू नका. आमच्यात अख्ख्या गावाची रास मावते."

चार चमचे नाचणीत ते भरले. मग वाहू लागले.

"तात्या, पुरे का?" शेराने न राहवून विचारलं.

"छे! अजून वरच्या आळीचं यायचंय."

शिराईने सांडलेलं लोटून घेतलं. शेराने कोनाड्यात चिंचोका ठेवला. शिराईने आपल्या अंगातली एक काडी उपसली आणि त्याच कोनाड्यात, पण दुसऱ्या कडेला ठेवली.

"हे कशाला?"

"असू द्या. माझी आपली खूण."

दुसरं चिपटं होतं. ते ओतायच्या आधीपासून पुरे, पुरे म्हणत होतं आणि ओतून झाल्यावरही म्हणत राहिलं. तिसरं रडत होतं. चौथ्याने शेराला आपला मुलगा समजून घरचं सगळं विचारलं, शेराने उत्तरं दिली, आणि मग तेच सगळं त्याने पुन्हा विचारलं. पाचवं एक लाकडी मापटं होतं, माळावरच्याच कुठल्याशा वाडीतलं. ते काठोकाठ भरलं आणि ठामपणे म्हणालं, "बास."

शेराने चिंचोका उचलला.

"अहो, थांबा," शिराई म्हणाली. "बरोबर बोललं की ते."

"नियमात पुरे आहे."

"नियम तुमच्या कोठारातला. आमच्या वाडीत बासच म्हणतात. त्याला कुणी पुरे शिकवलंच न्हाई, तर विसरंल कुठनं?"

शेर विचारात पडला. तिचं म्हणणं खरं होतं. मग त्याला वाटलं, एकाला सूट दिली तर सगळी मोजणीच ढासळेल. मग वाटलं, सूट न दिली तर ती खोटी होईल. बराच वेळ चिंचोका हातात धरून तो उभा राहिला. शेवटी त्याने तो खाली टाकला, आणि दिवसभर त्याच्या मनात राहिलं की आपण तो टाकला की ठेवला.

त्या दिवशी नऊ मापं झाली. आठ चिंचोके, आठ काड्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेर लवकर उठला आणि कोनाड्यासमोर उभा राहिला. आठ. त्याने पुन्हा मोजले. आठ. पण काल नऊ विसरलेली होती की आठ? तात्यांचा ठेवला होता का? ठेवायला हात पुढे केला होता हे त्याला आठवत होतं. त्याने तात्यांना बोलावलं.

"ह्यांचं काल झालं की," शिराई म्हणाली.

"माहीत आहे मला. पडताळणी आहे ही."

तात्या पुन्हा गावाची रास मागू लागले. शेराने आणखी एक चिंचोका ठेवला. शिराईने चिंचोक्याकडे पाहिलं, मग शेराकडे. तिने काडी उपसली नाही.

त्यानंतर रोज तसंच होत गेलं. दिवसाला पाच-सहा नवी मापं आणि तेवढीच जुनी. शेराच्या बोलण्यात काही फरक नव्हता. तो मापशास्त्रातली वचनं अचूक सांगायचा, कुठल्या वर्षी कुठल्या कोठाराची तपासणी केली ते तारखेनिशी सांगायचा. चौथ्या दिवशी मात्र त्याने शिराईला विचारलं, "तुमचं नाव काय म्हणालात?" आणि सहाव्या दिवशी पुन्हा विचारलं.

"शिराई," तिने दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगितलं. विसाव्यात राहून तिला ती सवय झाली होती.

सातव्या दिवशी ओतता ओतता तो म्हणाला, "बाई, तुम्ही खाली असता. माझा शिक्का दिसतो ना नीट?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वाकून बघितलं. तळ गुळगुळीत होता. कोठाराच्या फरशीवर चाळीस वर्षं घासून घासून त्यावर नुसती चकाकी उरली होती.

शिराईला खोटं बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. रोज संध्याकाळी ती चाळीस मापांना सांगायची की तुमची माणसं वाटेवर आहेत.

"दिसतोय," ती म्हणाली. "उन्हात चमकतोय अगदी."

एकोणचाळीस मापं झाली. पायली राहिली होती. ती ओळीच्या शेवटी, भिंतीकडे बसायची. रोज शेर तिथपर्यंत यायचा आणि आज प्रकाश बरोबर नाही म्हणून परत फिरायचा.

"आता त्यांचंच राहिलंय," शिराई म्हणाली. "तुमच्या ओळखीच्या हायत का?"

"एकाच कोठारात होतो," शेर म्हणाला.

पायलीने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. "या," ती म्हणाली. "बसा. शिक्क्याचे दिसता. आमचे हेही शिक्क्याचेच. फार मोठं काम आहे त्यांचं, म्हणून यायला होत नाही."

"हो का," शेर म्हणाला.

"झाकण लावलंय का ते तीन-तीनदा बघतात," ती हसून म्हणाली. "मी म्हणायची, अहो, लागलंय, मी बघितलंय ना. मग यायचे. माझं बघितलेलं त्यांना चालायचं."

शेराने राशीत वाकून भरून घेतलं. "लाभ," तो म्हणाला आणि तिच्यात रिता झाला.

"असंच म्हणायचे," ती म्हणाली. "लाभ म्हणायचे, आणि मग जरा थांबायचे. धान्य खाली बसेस्तोवर."

"दोन," शेर म्हणाला. "तीन."

आता ती म्हणेल, असं त्याला वाटलं. एवढं आठवतंय, तर ते आठवणारच. त्याने चौथा शेर अगदी सावकाश ओतला. नाचणी काठाला आली, काठावर तिची बारीक शीग उभी राहिली. एक दाणा सुटून खाली गेला.

"चार," तो म्हणाला.

पायली त्याच्याकडे मायेने बघत होती.

"चार झाले," तो म्हणाला. "चार. आता काय म्हणायचं?"

"तुम्ही पाहुणे, तुम्हाला काय सांगायचं," पायली संकोचून म्हणाली. "पण कधीची बसलेय हो. अजून कोणी भरलंच नाही मला."

शेर पाठ फिरवून कोनाड्यापाशी गेला. चिंचोका त्याच्या हातात होता. तो त्याने ठेवला नाही.

"यांना धरू नका," तो शिराईला म्हणाला. "थकल्यात त्या. आणि ऊन आहे. उद्या विचारलं तर बरोबर सांगतील."

"उद्या विचारू या," शिराई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी तो निघायच्या तयारीला लागला होता. तिने एक काडी उपसून कोनाड्यात ठेवली. एकतीस झाल्या.

निघताना तिने त्या सगळ्या काड्या एका जुडीत बांधून त्याच्यापुढे धरल्या. "रावसाहेब, राग मानू नका. तुमच्या चिंचोक्यांत काही जणांचे दोन-दोन, तीन-तीन पडलेत. ह्या बरोबर हायत. चाळिसात एकतीस. ह्याच घेऊन जा."

शेर ताठ झाला. खरं तर तो आधी घाबरला, आणि मग ताठ झाला. "चाळीस वर्षं मोजतोय मी," तो म्हणाला. "केरसुणीच्या काड्या दरबारात ठेवू? काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्या. मला हात मिळतील. परवा ओढ्यात गेलेलं ते माप शेवटचं न्हाई. निम्मीअर्धी उताराकडं तोंड करून बसतात."

"मिळतील हात. माझ्या मोजणीवरच मिळतील. तुम्ही काळजी करू नका..." तो नाव शोधत थांबला. मग म्हणाला, "बाई."

चिंचोके त्याच्या पोटात घालून शिराईने वर झाकण बसवलं. "लागलं ना?" त्याने विचारलं. "लागलं," ती म्हणाली. दहा पावलांवरून तो परत आला. "लागलंय," ती म्हणाली, "मी बघितलंय ना." तेव्हा तो गेला. जुडी सोडून तिने काड्या पुन्हा कोनाड्यात लावून ठेवल्या.

वाटेत चिंचेची झाडं लागली. एका झाडाखाली शेर विसाव्याला थांबला, आणि त्याला वाटलं की चढउतारात एखादा चिंचोका नक्की पडला असेल. खाली चिंचोक्यांचा सडा पडला होता. एक उचलून त्याने पोटात घातला. पुढच्या झाडाखाली पुन्हा तीच शंका आली. आपल्यामुळे एकही कमी पडू नये, एवढंच त्याला वाटत होतं. हात मिळायला हवे होते. कुणाला, ते नीट आठवत नव्हतं. पण हवे होते, हे आठवत होतं.

दरबार भरला होता. तराजूने झाकण काढायला सांगितलं. चिंचोके पारड्यात ओतले गेले, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तराजूचं एक पारडं खाली गेलं. मोजणी झाली. सत्त्याऐंशी.

"शेरपंत, त्या विसाव्यात मापं किती?"

"चाळीस," शेर म्हणाला. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"चाळिसांपैकी सत्त्याऐंशी विसरली?"

एक छोटं चिपटं फुस्स करून हसलं आणि त्यामागून सगळे.

"त्यात एक नाही धरलेलं," शेर घाईने म्हणाला. "ती थकली होती. पण बाकीची... आपण स्वतः चला. पाहिजे तर मी पुन्हा मोजतो. मी नेहमीच पुन्हा मोजतो."

तराजूने पारडं रिकामं करवलं. दोन्ही बाजू पुन्हा समान झाल्या. "या वर्षीची मोजणी ग्राह्य धरता येत नाही," त्याने सांगितलं. "नियमाप्रमाणे मागचा आकडा कायम. शंभरात सात." आणि आवाज उतरवून शेजारच्या कारकुनाला म्हणाला, "यांना जरा हवा पालटायला पाठवा. चांगलं माप होतं."

शेराला वेशीपर्यंत पोचवायला दरबारातली चार मापं आली होती. त्यांनी डोळे पुसले, रस्त्याबद्दल काळजी व्यक्त केली आणि ती दिवस मावळायच्या आत परतली.

शिराईने त्याला पायलीशेजारी बसवलं. नवे हात कधी येणार, हे तिने विचारलं नाही. एकटाच आलेला शेर पाहून तिला कळलं होतं.

"नवीन का?" पायलीने चौकशी केली. "शिक्क्याचे दिसता."

"दिसतो ना नीट?" शेर म्हणाला.

"दिसतो की. आमचे हेही शिक्क्याचेच."

"भाग्यवान आहात," शेर अदबीने म्हणाला. "कुठे असतात ते?"

"कामात असतात हो."

नव्या मापाची तपासणी करायची, हा विसाव्याचा शिरस्ता होता. घंटा वाजवून करायचा शिरस्ता होता, पण शिराईने घंटा वाजवली नाही. तिने वाडीवरचं ते लाकडी मापटं मागून घेतलं, बास म्हणणारं. दोन मापट्यांचा शेर.

"लाभ," म्हणून तिने पहिलं ओतलं. आणि धान्य खाली बसेस्तोवर जरा थांबली.

"दोन."

शेर काठोकाठ भरला. पितळी काठावर नाचणीची शीग उभी राहिली. तो माळाकडे बघत होता, जिथे उतार सुरू होतो तिकडे. शिराईने वाट पाहिली. मग तिने तिसरं मापटं ओतायला घेतलं, अगदी सावकाश. नाचणी त्याच्या चारी अंगांनी ओट्यावर ओघळली, ओट्यावरून जमिनीवर.

"रावसाहेब?" ती म्हणाली.

"बाई," शेर ओशाळून म्हणाला, "तक्रार म्हणून नाही. पण कधीचा बसलोय. अजून कोणी भरलंच नाही मला."

"आधी त्यांना द्या हो," पायली मधेच म्हणाली. "माझं राहू दे. मला सवय आहे."

शिराई कोनाड्यापाशी गेली. तिने एक काडी उपसली आणि एकतीस काड्यांच्या शेजारी ठेवली. मग ती वळली आणि सांडलेली नाचणी झाडायला लागली. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती गेली, पुन्हा माघारी आली. उरलेल्या काड्यांच्या फटींतून दाणे मागे राहत होते, आणि ती जिथून जिथून गेली तिथे नाचणी होती तशीच पसरलेली होती.